डाव्या चाकाचा आवाज

त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, आंघोळ करतानासुद्धा तो कधी गुणगुणला नसेल. पण कोपऱ्यावरून एखादी गाडी वळली की हातातलं काम न सोडता, मानही वर न करता तो सांगायचा, "हिचा पट्टा सैल झालाय." किंवा, "हिचा तिसरा सिलिंडर झोपलाय." गाडी उघडली की पट्टा सैलच निघायचा आणि तिसरा सिलिंडर गाढ झोपलेला असायचा. नाव कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नव्हतं. मात्र ते इतकं पक्कं बसलं की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

ही विद्या त्याला उस्तादाने दिली. उस्तादाने सुरुवातीला त्याच्या हाती पाना दिलाच नाही, नुसतं ऐकायला बसवलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटून सांगायचं, आत कोण रडतंय. चुकलं की टपली. उस्ताद म्हणायचा, "डोळा फसतो, हात थकतो, कान तेवढा इमानी." कानसेनने हे वाक्य जन्मभर उराशी धरलं. उस्तादाच्या बाकीच्या शहाण्या गोष्टी तो विसरला, त्यात एक अशीही होती की पत्रा ठोकताना कानात कापूस घाल. कान झाकून काम करणं म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणं, असं कानसेनचं मत होतं, आणि त्याची मतं पत्र्यासारखी ठोकूनसुद्धा वाकत नसत.

त्याचं गॅरेज म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे राहायच्या दोन खोल्या, मध्ये एक दार. ते दार कधी बंद नसायचं, त्यामुळे घरातल्या उशांनाही ग्रीसचा वास यायचा. शेडच्या भिंतीवर एक पाटी होती, 'केलेल्या कामाचे पैसे परत मिळणार नाहीत'. गॅरेज उघडलं तेव्हा मेव्हण्याने ती हौसेने रंगवून आणली होती. इतक्या वर्षांत कोणी पैसे परत मागितलेच नव्हते, म्हणून ती बिचारी बिनकामाची लटकत होती. बायको तिच्या खिळ्याला पिशवी अडकवायची.

लेखी हमी वगैरे तो देत नसे. त्याची हमी म्हणजे फेरी. काम झालं की गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं, काचा वर करायच्या आणि गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत नेऊन परत आणायची. वाटेत कोणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. शेडपाशी आल्यावर कानसेन किल्ली काढायचा आणि एकच शब्द बोलायचा, "घ्या." त्या एका शब्दावर लोक पोराबाळांना गाडीत घालून घाट उतरायचे.

नर्सबाई त्याच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. कानसेनची मुलगी जन्मली तीच मुळी बाईंच्या हातात. अडलेलं बाळंतपण होतं, डॉक्टर वाटेत अडकलेला, आणि बाईंनी मायलेकी दोघींना वाचवलं. तेव्हापासून बाईंची ती रंग उडालेली छोटी गाडी दुसऱ्या गॅरेजच्या दारात उभी राहिली नाही. आता बाई निवृत्त झाल्या होत्या. गाडी लागायची ती फक्त रविवारी. डोंगरापलीकडे त्यांची थोरली बहीण एकटी राहायची, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने तल्लख. बसने जायचं तर दोनदा बदलावी लागे, आणि परतीची बस चालकाच्या मनात आलं तर सुटे. म्हणून बाई गाडीला जपत. तिला किल्ली लावण्याआधी दोन गोड शब्द बोलत, असं म्हणतात.

त्या सुमारास कानसेनला जगाचा राग यायला लागला होता. जगाने पुटपुटायची सवय लावून घेतली होती. बँकेतली मुलगी पुटपुटायची, फोनवर स्वतःची मुलगी पुटपुटायची, नातवाचं तर एक अक्षर धड कळायचं नाही. "शाळेत आता तोंड उघडायला शिकवत नाहीत का?" तो बायकोला विचारायचा. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होऊन जायची आणि हा दाराशी बसून म्हणायचा, "अजून झाला नाही का भात?" बायको सुरुवातीला हसली. मग हसणं बंद केलं. एक दिवस भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "अहो, एकदा कान दाखवून येऊ या का?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने गॅरेज विकायला काढायला सांगितलं. तिने पुढचे चार दिवस तो विषय काढला नाही, आणि मग कधीच काढला नाही. ही तिची चूक होती, असं ती पुढे स्वतःच म्हणायची.

खरं म्हणजे त्याला इंजिनाची धडधड ऐकू यायची, ट्रकचा घोगरा हॉर्न ऐकू यायचा. जाडे आवाज होते तिथेच होते. बारीक तेवढे एकेक करून न सांगता निघून गेले होते. जे येतच नाही ते येत नाही हे माणसाला कळणार कसं? तो रोज स्क्रूड्रायव्हर कानामागे लावत होता आणि त्याला रोज काहीतरी ऐकू येत होतं.

अशात एका सकाळी नर्सबाई आल्या. मागच्या डाव्या चाकातून घरघर येत होती. कानसेनने ती लांबूनच ओळखली. बेअरिंग गेलं होतं. बेअरिंग म्हणजे चाक ज्यावर फिरतं ती छर्ऱ्यांची कडी. जुनी काढायची आणि नवी ठोकून बसवायची, काम तसं रोजचं. आता इतर गॅरेजांत ती दाबून बसवायला यंत्र आलं होतं. कानसेनचा चेला, जो त्याच्याच हाताखाली शिकून टाकीपलीकडे स्वतःचं गॅरेज टाकून बसला होता, त्याच्याकडेही ते होतं. कानसेनला त्याची गरज नव्हती. लोखंडी नळी कडीवर धरायची आणि हातोड्याने ठोकत राहायचं. कडी अधांतरी असते तोवर आवाज पातळ, किणकिणता येतो. तळाला सरळ टेकली की एकदम भरीव होतो, 'ठक्'. तो ठक् ऐकला की हात थांबवायचा. आयुष्यभर त्याने असंच केलं होतं आणि आयुष्यभर त्याचं बरोबर आलं होतं.

त्या दिवशी त्याला दुसऱ्याच घावाला ठक् ऐकू आलं. किणकिण ऐकूच येत नसेल तर सगळंच ठक्. कडी तिरकी बसली होती. त्याने वरून नट आवळला, चाक चढवलं, बाईंना फेरी मारून आणली आणि म्हणाला, "घ्या."

रविवारनंतर बाई परत आल्या. "घरघर गेली, कानसेन. पण आता बारीक शिट्टीसारखं येतंय. वेग वाढला की चढत जातं."

त्याने फेरी मारली. काही नव्हतं. "नवं आहे, बाई. रुळेल."

रुळलं नाही. बाई पुन्हा आल्या. त्याने पुन्हा फेरी मारली, या वेळी टाकीच्याही पुढे नेली, स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. शेडमध्ये दोनचार गिऱ्हाइकं बाकावर बसली होती आणि त्याला वाटलं, ती आपल्याकडे बघताहेत. खरं तर ती घड्याळाकडे बघत होती. बाई म्हणाल्या, "चाक उघडून बघा ना एकदा."

चाक उघडायला किती वेळ लागला असता? चहा थंड व्हायच्या आत झालं असतं. पण उघडून बघणं म्हणजे स्वतःच्या कानावर संशय घेणं, आणि तो त्याने कधी घेतला नव्हता. हात पुसत तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "बाई, एक सांगू? वय झालं की कानात आवाज यायला लागतात. गाडीत काही नाही. कान दाखवून घ्या."

बाक हसला. बाईही हसल्या, कारण त्या चारचौघांत कोणाला उघडं पाडणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग त्यांनी किल्ली उचलली, आणि जाताना गाडीच्या टपावर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. कानसेनला ते दिसलं. त्याला वाटलं, पटलं त्यांना.

आणि खरंच पटलं होतं. पुढच्या आठवड्यांत बाईंच्या घरावरून जाताना त्याला गाडी ताडपत्रीखाली झाकलेली दिसे. बायको म्हणाली, "बाईंची गाडी हलत नाही हल्ली." तो म्हणाला, "बरंय. आवाज बंद झाला ना?" हा विनोद त्याला इतका आवडला की त्याने तो बाकावरही सांगितला. मग एक दिवस कानावर आलं, की बाईंची थोरली बहीण गेली. कानसेन आणि बायको भेटायला गेले. बाई फारसं बोलल्या नाहीत. त्याला वाटलं, दुःख आहे. दारातून निघताना ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती, ती त्याने मायेने दोरीने बांधून दिली.

त्यानंतर काही दिवसांनी बाई आल्या त्या चालत. बाकावर न बसता उभ्यानेच म्हणाल्या, "कानसेन, मी कान तपासून आले. चांगले आहेत. तुमच्या चेल्याने चाक उचलून फिरवून पाहिलं. बेअरिंग तिरकं आहे म्हणतो. मला माझे पैसे परत हवेत."

आता एवढं सरळ सांगितल्यावर कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आणा गाडी. पण त्यात चेल्याचं नाव होतं. ज्याला टपल्या मारून शिकवलं त्याने आपल्या कामाला नाव ठेवावं, हे त्याला झोंबलं. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर बायकोची पिशवी लटकत होती, त्यामुळे 'केलेल्या कामाचे पैसे' एवढंच दिसत होतं. तरी बाईंना अर्थ कळला. त्या गेल्या. आत दाराशी उभी असलेली बायको म्हणाली, "अहो, देऊन टाका. त्या बाईंनी आपल्याला काय दिलंय ते आठवा."

"पैशाचा प्रश्न नाही," तो म्हणाला. पैशाचा नव्हताच. पैसे परत दिले तर फेरी खोटी, फेरी खोटी तर कान खोटा, आणि कान खोटा तर मग तो कोण, हा प्रश्न होता. एवढा मोठा प्रश्न तो नर्सबाईंच्या डाव्या चाकावर सोडवायला निघाला होता.

ग्राहक तक्रार कचेरीतून बोलावणं आलं. कचेरी म्हणजे एक लांबट खोली, एक टेबल, चार खुर्च्या आणि पंखा. टेबलामागे तरुण अधिकारी बाई होत्या. बोलणं शांत, कोणाला न दुखावणारं, म्हणजे कानसेनच्या दृष्टीने पुटपुटणं. बायको शेजारी बसून हळूच सांगत होती. अधिकारी बाई म्हणाल्या, की पैसे घेऊन केलेलं काम नीट झालं नसेल तर गिऱ्हाइकाला ते फुकट दुरुस्त करून मागता येतं. तशी संधी देऊनही झालं नसेल तर पैसे परत मागता येतात. भिंतीवर कसलीही पाटी लावली तरी हा हक्क जात नाही. "दोनदा संधी दिली होती का त्यांनी तुम्हाला?"

"दिली होती," कानसेन म्हणाला. "दोन्ही वेळा फेरी मारली. आवाज नव्हता. असेल तर आत्ता ऐकवा. गाडी बाहेर उभी आहे ना? चला सगळे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

अधिकारी बाईंनी आधी नाही म्हटलं. मग नर्सबाईंकडे पाहिलं. नर्सबाई म्हणाल्या, "चला. हळू चालवली तर हरकत नाही, असं चेल्याने सांगितलंय."

कानसेन गाडीत बसला. शेजारी अधिकारी बाई, मागे नर्सबाई आणि बायको. त्याने काचा वर करायला लावल्या आणि सवयीने म्हणाला, "आता कोणी बोलायचं नाही." कोणी बोललं नाही. कचेरीच्या फाटकातून गाडी बाहेर पडली, सरळ रस्त्याला लागली. त्याने वेग जरासा वाढवला. सीट त्याला ओळखीची होती, स्टिअरिंगवरचा घासलेला डागही. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. इंजिन कसं लोण्यासारखं चालत होतं. त्याचंच काम होतं ते.

"ऐका," तो म्हणाला. "आहे का काही?"

उत्तर आलं नाही. फेरीत बोलायचं नाही हा नियम पाळताहेत असं त्याला वाटलं. तो खुशीत आला. "बोला आता, मीच म्हणतोय बोला. मॅडम, तुम्ही सांगा. येतोय कुठे आवाज?"

अधिकारी बाई समोर काचेतून बघत होत्या. त्यांनी डावा हात कानाशी नेला होता, बारीक कर्कश आवाज सहन होत नाही तेव्हा आपण नेतो तसा. कानसेनने आरशात पाहिलं. नर्सबाईंनी मान खाली घातली होती. त्या जिंकलेल्या माणसासारख्या मुळीच दिसत नव्हत्या. आणि बायको रडत होती.

तिने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, थांबवा. येतोय."

"काय येतोय?"

"आवाज. निघाल्यापासून येतोय. शिट्टी वाजल्यासारखा."

त्याने गाडी कडेला घेतली. वेग कमी होत गेला तसे आरशातले चेहरे सैल होत गेले, आणि त्यावरून त्याला कळलं की आवाज आता थांबला. आपण दुरुस्त केलेल्या गाडीचा आवाज त्याने आयुष्यात पहिल्यांदा लोकांच्या चेहऱ्यांवरून ओळखला. मग किल्ली काढून तो नुसता बसून राहिला. नेहमीचा शब्द त्याला म्हणता येईना.

परत कचेरीत आल्यावर तो भांडला नाही. अधिकारी बाई काही म्हणायच्या आतच म्हणाला, "माझं चुकलं. बाई, मी नवी कडी घालून देतो. यंत्रावर बसवून घेतो, चेल्याच्या पाया पडून बसवून घेतो. फुकट. गाडी माझ्याकडे राहू द्या."

नर्सबाई म्हणाल्या, आणि हे त्याला नीट ऐकू यावं म्हणून त्या त्याच्याकडे तोंड करून स्पष्ट बोलल्या, "नको, कानसेन. पैसेच द्या."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने खिशातून पैसे काढले, बायकोने सकाळीच तिथे ठेवले होते. मग अधिकारी बाईंनी आणखी काहीतरी विचारलं. बायकोने सांगितलं, की या बिघाडापायी वेगळं नुकसान झालं असेल तर त्याचीही भरपाई मागता येते, असं विचारताहेत. नर्सबाईंनी मानेनेच नाही म्हटलं. त्या उठल्या, पदर सावरला, आणि खिडकीकडे तोंड करून काहीतरी बोलल्या. चारपाच वाक्यं असतील. अधिकारी बाईंची लेखणी थांबली. बायकोने डोळ्यांना पदर लावला. कानसेनने ओठ पाहायचा प्रयत्न केला, पण बाईंची पाठ होती. पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही.

दोघं चालत घरी निघाले. दुपारी बंद झालेल्या दुकानांची शटरं पुन्हा वर जात होती, तो खडखडाट त्याला ऐकू येत होता. कोपऱ्यावरून एक गाडी वळली. त्याने मान वर केली, पण काही बोलला नाही. टाकीपाशी आल्यावर तो थांबला.

"बाई काय म्हणाल्या?"

"कधी?"

"खिडकीशी."

बायकोने आधी टाळाटाळ केली. घरी गेल्यावर सांगते म्हणाली. तो जागचा हलेना, तेव्हा ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"त्यांच्या आईला शेवटी असेच भास व्हायचे, नसलेले आवाज यायचे. तुम्ही म्हणालात तेव्हा त्यांना वाटलं, आपलंही तेच सुरू झालं. अशा डोक्याने घाट चढायचा नाही म्हणून त्यांनी गाडी झाकून ठेवली. दोन बस बदलून एकटीने जायचीही भीती वाटायची. कान दाखवायचाही धीर होईना. बहीण तिकडे आजारी. या फोनवर सांगायच्या, गाडी बिघडलीय. बहीण शेवटपर्यंत विचारत होती म्हणे, तुझ्या त्या कानसेनला अजून सापडलं नाही का गं काय बिघडलंय ते?"

ती बोलत असतानाच रस्त्याने एक बस गेली.

"परत सांग," तो म्हणाला.

बसच्या आवाजात त्याला ऐकू आलं नसेल असं तिला वाटलं. ती आणखी जवळ सरकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून, जरा मोठ्याने सांगू लागली. त्याने तिला अडवलं नाही. त्याला पहिल्या वेळीच सगळं ऐकू आलं होतं.